कायद्यातील ‘तो’ आणि दाराबाहेरील ‘ती’

गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी, अशील मंडळी निघून गेल्यावर, शेजारची एक मुलगी आमच्या कचेरीत आली. ती यंदाच कायद्याच्या महाविद्यालयात दाखल झाली आहे. हातात वही, आणि वहीत इंग्रजी व्याकरणाची एक शंका. ‘एव्हरीवन हॅज ब्रॉट हिज बुक’ असे तिला शाळेत शिकवलेले. महाविद्यालयातील नव्या पुस्तकात मात्र ‘हिज’च्या जागी ‘देअर’ छापलेले. ‘एव्हरीवन हॅज’ हे एकवचन, मग पुढे ‘देअर’ हे अनेकवचन कसे चालेल, असे तिचे म्हणणे. आम्ही वकिली थाटात उत्तर दिले, “मराठीत बोल, म्हणजे भानगडच नाही. ‘प्रत्येकाने आपले पुस्तक आणले आहे.’ ‘आपले’ म्हटले की तो आणि ती दोघेही आले.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “पण काका, ‘प्रत्येकाने’ हे तरी पुल्लिंगीच ना? वर्गात नुसत्या मुली असल्या तर आम्ही ‘प्रत्येकीने’ म्हणतो.”

आमचा युक्तिवाद एका वाक्यात निकालात निघाला. तिला आम्ही दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले आणि रात्री जुनी पुस्तके काढून बसलो. वाचता वाचता ध्यानात आले की, हा प्रश्न केवळ शाळामास्तरांचा नव्हे. एका सर्वनामाच्या अर्थावर इंग्लंडात, कलकत्त्यात आणि पाटण्यात न्यायाधीशांनी निकाल दिलेले आहेत, आणि त्या निकालांनी शिकलेल्या स्त्रियांच्या आयुष्याची वाट अडवलेली आहे. ती कुळकथा वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा उद्देश.

आरंभ ‘यू’ या शब्दापासून करणे सोयीचे. एका माणसाला उद्देशून ‘यू आर’ का म्हणावयाचे, ‘यू इज’ का नाही, हा इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचा पहिला प्रश्न असतो. उत्तर असे की, ‘यू’ हे मुळात अनेकवचनच होय. जुन्या इंग्रजीत एकाला ‘दाउ’ म्हणत, अनेकांना ‘यी’. ‘यू’ हे त्या ‘यी’चे कर्मरूप. पुढे लॅटिन आणि फ्रेंच दरबारांच्या वळणाने तेराव्या शतकापासून थोरामोठ्यांना अनेकवचनाने संबोधण्याची चाल इंग्रजीत शिरली. आपल्या ‘तुम्ही’ची रीत हीच. मात्र आपण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही जपून ठेवले. इंग्रजांनी आदराचे रूप सरसकट सर्वांना वाटून टाकले. सतराव्या शतकाच्या अखेरीस नित्याच्या बोलण्यातून ‘दाउ’ जवळजवळ मावळले. प्रार्थनेत देवापुरते ते टिकले. आपणही देवाला ‘तू’च म्हणतो आणि त्यात अनादर आहे असे कोणाच्या मनातही येत नाही, हे मंदिरात वाढलेल्या वाचकांना सांगावयास नकोच.

सर्वनाम गेले तसे त्याच्याबरोबर त्याचे क्रियापदही गेले. ‘दाउ आर्ट’, ‘दाउ हॅस्ट’ ही रूपे लुप्त झाली. एकवचनी अर्थाने आलेल्या ‘यू’ने स्वतःचे अनेकवचनी ‘आर’ सोडले नाही. आज एखादा इंग्रज आपल्या कुत्र्यालाही ‘यू आर’ म्हणतो तेव्हा व्याकरणदृष्ट्या तो त्याला ‘तुम्ही आहात’ असेच म्हणत असतो.

ही उलथापालथ शांतपणे झाली नाही. १६०३ च्या नोव्हेंबरात सर वॉल्टर रॅली यांच्यावर विंचेस्टर येथे राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजूने ॲटर्नी जनरल एडवर्ड कोक उभे होते. पुढे इंग्लंडच्या कायद्याचे महापंडित म्हणून गाजलेल्या या गृहस्थांनी भर न्यायालयात रॅलीला ‘दाउ’ म्हटले. इतकेच नव्हे, तर ‘तुला मी अरेतुरेच करणार’ अशा आशयाने त्या सर्वनामाचे क्रियापद बनवून त्याच्या तोंडावर फेकले. एका सरदाराची अप्रतिष्ठा करावयास दुसरी शिवी लागली नाही. याच्या उलट टोकाला क्वेकर पंथाचे लोक होते. एका माणसाला अनेकवचनाने संबोधणे म्हणजे असत्य बोलणे, असे त्यांचे मत. राजा असो वा न्यायाधीश, ते सर्वांना ‘दाउ’च म्हणत आणि त्यापायी उपहास व मारही सोसत. त्यांचे अध्वर्यू जॉर्ज फॉक्स यांनी १६६० मध्ये दोन सहकाऱ्यांसह एक मोठा ग्रंथच काढला आणि अनेक भाषांचे दाखले देऊन एकवचन कोणते व अनेकवचन कोणते हे जगाला शिकवावयास घेतले. व्याकरण त्यांच्या बाजूचे होते, लोकव्यवहार नव्हता. जिंकला तो लोकव्यवहार.

अठराव्या शतकात काही मंडळी तडजोड म्हणून एका माणसाला ‘यू वॉज’ म्हणत असत. १७६२ मध्ये रॉबर्ट लौथ यांनी आपल्या व्याकरणात ती चूक ठरवली आणि ‘यू वर’ हेच शुद्ध मानले. म्हणजे एकाला अनेकवचनी सर्वनाम आणि अनेकवचनी क्रियापद लावणे ही चूक तर नाहीच, उलट शुद्धतेचा नियम झाला. कायद्यात रूढी जशी कालांतराने कलमाचे रूप घेते, तसेच हे घडले. हा दाखला वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

आता ‘दे’ या सर्वनामाकडे वळू. हा शब्द इंग्रजीचा घरचा नव्हे. उत्तरेकडील समुद्र ओलांडून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी तो इंग्लंडात आणला. तो अनेकवचन खरा. परंतु ‘कोणीही’, ‘प्रत्येक जण’ अशा अनिश्चित एकासाठी तो चौदाव्या शतकापासून वापरात आहे. शेक्सपिअरच्या लिखाणात तो तसा आढळतो, जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तर वारंवार आढळतो. तेव्हा शेजारच्या मुलीच्या पुस्तकातील ‘देअर’ ही आजची टूम नसून तिचे वय सहाशे वर्षांहून अधिक आहे.

मग शाळेत ‘हिज’ कोठून आले? अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी ते आणले. वाक्यातील सर्वनाम आपल्या नामाशी वचनाने आणि लिंगाने जुळले पाहिजे, असा त्यांचा दंडक. ‘देअर’ म्हटले तर वचन बिघडते. ‘हिज’ म्हटले तर वर्गातील मुलींपुरते लिंग बिघडते. दोहोंपैकी एक दोष पत्करणे भाग होते. त्यांनी लिंगाचा दोष पत्करला, कारण पुल्लिंग हे स्त्रीलिंगापेक्षा अधिक योग्यतेचे, हा लॅटिन व्याकरणातील जुना नियम त्यांच्या अंगवळणी पडला होता. हा नियम इंग्रजीत स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांपैकी पहिल्यांत ॲन फिशर नावाची एक शिक्षिका होती, ही मोठी मौज. पुढे १७९५ मध्ये लिंडली मरे यांचे व्याकरण निघाले आणि इंग्लंड-अमेरिकेतील शाळाशाळांतून गेले. त्यांनी ‘देअर’ची वाक्ये चुकीची म्हणून दाखवली आणि त्यांच्या जागी ‘हिज’ घातले. हे मरे मूळचे न्यूयॉर्कमधील वकील, आणि पंथाने क्वेकर. आमच्या व्यवसायबंधूंनी लावलेले हे झाड आहे, हे कबूल करणे प्राप्त आहे.

व्याकरणाचा हा नियम १८५० मध्ये कायद्याच्या पुस्तकात शिरला. कायद्यांची भाषा आटोपशीर व्हावी म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने त्या वर्षी एक अधिनियम केला. त्यामागे लॉर्ड ब्रूम यांचा पुढाकार होता. ‘तो किंवा ती’ असे पदोपदी लिहिण्याऐवजी नुसते ‘तो’ लिहावे आणि, उलट काही स्पष्टपणे सांगितलेले नसेल तर, त्यात स्त्रीचा समावेश आहे असे समजावे. दहा वर्षांनी, १८६० मध्ये, भारतीय दंडविधान झाले. त्याच्या आठव्या कलमात सांगितले की, ‘ही’ हे सर्वनाम स्त्री-पुरुष कोणासही लागू आहे. (देवनागरीत तो इंग्रजी पुरुष आपल्या स्त्रीलिंगी ‘ही’सारखाच दिसतो, ही लिपीने केलेली थट्टा.) पुढे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या तेराव्या कलमाने हाच नियम सर्व केंद्रीय कायद्यांना लावला. मात्र त्यात एक खिडकी ठेवली: विषय किंवा संदर्भ यांच्याशी विसंगत नसेल तर. कायद्याची वाक्ये वाचण्याची सवय असलेला माणूस प्रथम अशी खिडकीच शोधतो.

शिक्षेच्या बाबतीत ती खिडकी कोणी उघडली नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या स्त्रीस ‘कलमात तो आहे, मी नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. करवसुलीतही नव्हती. प्रश्न उद्भवला तो अधिकाराची वेळ आली तेव्हा.

१८६७ मध्ये इंग्लंडात मताधिकाराच्या सुधारणेचे विधेयक चर्चेत असताना तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी ‘मॅन’ या शब्दाऐवजी ‘पर्सन’ घालावा अशी उपसूचना आणली. ७३ मते अनुकूल, १९६ प्रतिकूल, उपसूचना पडली. तेव्हा मँचेस्टरमधील पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी १८५० च्या अधिनियमावर भिस्त ठेवून मतदारयादीत नावे घालण्याची मागणी केली. पुल्लिंगी शब्दात स्त्री येते, असे पार्लमेंटनेच सांगितले आहे ना? १८६८ मध्ये न्यायालयाने सांगितले, येथे येत नाही. स्त्रीला मत नाही ही पूर्वापार चाल आहे, आणि एवढी मोठी चाल नुसत्या व्याकरणाच्या नियमाने मोडत नाही. १९१३ मध्ये ग्विनेथ बेब या विदुषीने सॉलिसिटरच्या परीक्षेस बसू द्यावे म्हणून दावा केला. त्या विषयाच्या १८४३ च्या कायद्यातच पुल्लिंगात स्त्रीलिंग येते असे लिहिले होते. अपील न्यायालयाने तिलाही परत पाठवले, कारण एकही स्त्री पूर्वी त्या व्यवसायात नव्हती.

हे वारे आपल्याकडेही पोहोचले. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी अलीपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिलीची सनद मिळावी म्हणून अर्ज केला. त्या एम. ए. होत्या आणि कायद्याच्या पदवीधर होत्या. १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात स्त्रीला मनाई करणारे एकही कलम नव्हते. होते ते फक्त पुल्लिंगी सर्वनाम, आणि त्याला १८९७ च्या तेराव्या कलमाची जोड होती. कलकत्ता उच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे सुनावणी झाली. संदर्भ आणि कायद्याचा पूर्वेतिहास पाहता स्त्रिया या कायद्यात अभिप्रेत नव्हत्या, असा निर्णय होऊन अर्ज फेटाळला गेला. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा तसाच अर्ज पाटणा उच्च न्यायालयापुढे आला. ओरिसाचे थोर पुढारी मधुसूदन दास यांनी त्यांची बाजू मांडली. निकाल तोच.

त्या न्यायाधीशांविषयी निष्ठुरपणे बोलणे आम्हांस अवघड जाते. कायदा करणे हे न्यायाधीशाचे काम नव्हे, हे तत्त्व आम्हीही उराशी बाळगतो. कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट एका सर्वनामातून काढू नये, या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु हा न्याय दोन्हीकडे सारखा लागला पाहिजे. ‘संदर्भ’ या शब्दाचा अर्थ शिक्षेच्या वेळी कलम, आणि सनदेच्या वेळी रूढी, असा होऊ लागला, तर दोष व्याकरणाचा राहत नाही. सर्वनाम एकच होते. वाचणारे त्यात कोणाला पाहावयास तयार होते, एवढाच फरक.

याच सुमारास अलाहाबाद उच्च न्यायालयाने निराळा मार्ग धरला. १९२१ मध्येच त्याने कॉर्नेलिया सोराबजी यांना वकील म्हणून सनद दिली. बाईंचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती. म्हणजे परीक्षा आणि सनद यांच्यामध्ये एकोणतीस वर्षे गेली. त्या काळात त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींचे काम सरकारी सल्लागार म्हणून केले. ज्ञान होते, अशील होते, अनुभव होता. नव्हते ते सर्वनामात स्थान. अखेर १९२३ मध्ये खास स्त्री-वकिलांसाठी अधिनियम झाला आणि स्त्री असल्याच्या कारणाने कोणासही सनद नाकारू नये असे स्पष्ट लिहावे लागले. इंग्लंडात तशी तरतूद १९१९ मध्ये झाली होती.

हा दोष एकट्या इंग्रजीचा नव्हे, हे गोमंतकीय वाचकांना एका पोर्तुगीज उदाहरणावरून पटेल. १९११ मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताकाची पहिली निवडणूक झाली. साक्षर किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या पोर्तुगीज ‘नागरिकांना’ मत होते; शब्द अर्थातच पुल्लिंगी अनेकवचन. कारोलिना बेआत्रिस आंजेलु या डॉक्टर होत्या, विधवा होत्या, घर चालवीत होत्या. त्यांनी न्यायालयात मागणी केली. पुल्लिंगी अनेकवचनात स्त्रिया येतात, असे न्यायाधीशाने मान्य केले आणि त्यांनी मत दिले. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द घालून ती वाट बंद करण्यात आली. कायदेकर्त्यांना व्याकरण पूर्णपणे कळत होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा तो कोणता?

शेवटी १८ ऑक्टोबर १९२९ रोजी प्रिव्ही कौन्सिलने कॅनडाच्या पाच स्त्रियांच्या अपिलावर निर्णय दिला. सेनेटवर नेमावयाच्या ‘पर्सन्स’मध्ये स्त्रिया येत नाहीत, असे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आदल्या वर्षी म्हटले होते. लॉर्ड सँकी यांनी तो निकाल फिरवला. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ असा की, या शब्दात स्त्री का यावी असे विचारणाऱ्यांना उलट विचारावयाचे, का येऊ नये? पुराव्याचा भार एका बाजूवरून दुसरीवर गेला, आणि शब्द तोच राहून त्याचा अर्थ पालटला.

आज काय स्थिती आहे? १९६१ च्या मुक्तीनंतर गोमंतकातही आलेले ते दंडविधान आता उरलेले नाही. त्याच्या जागी आलेली २०२३ ची भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. तिच्यातही ‘ही’ हे सर्वनाम आहेच. परंतु ते पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी कोणत्याही व्यक्तीस लागू आहे, असे तिची व्याख्या सांगते. त्याच वर्षी व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या मसुद्यात व्यक्तीसाठी ‘शी’ हे सर्वनाम योजले आणि त्यात कोणत्याही लिंगाची व्यक्ती येते असे सांगितले. पाऊणदोनशे वर्षे ‘ती’ने ‘तो’मध्ये राहून काढली, आता एका कायद्यात तरी ‘तो’ला ‘ती’मध्ये राहावे लागत आहे. कोणाचेही काही बिघडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली तेव्हा आम्ही तिला सांगितले, “परीक्षकाला ‘हिज’च हवे असेल तर ‘ऑल द स्टुडंट्स हॅव ब्रॉट देअर बुक्स’ असे वाक्यच अनेकवचनी करून टाक, वादच मिटतो. पण ‘देअर’ ही चूक आहे असे मनात धरू नकोस. एका माणसाला ‘यू आर’ म्हणणे ज्या न्यायाने शुद्ध झाले, त्याच न्यायाने एका अनिश्चित माणसाला ‘दे आर’ म्हणणेही शुद्ध आहे.” ती म्हणाली, “मराठीतही तसेच ना, काका? गुरुजी एकटेच असतात, पण आपण ‘गुरुजी आले’ म्हणतो.” आम्ही म्हटले, अगदी बरोबर.

ती गेल्यावर मात्र एक विचार मनातून जाईना. आपल्या घरात ‘बाबा आले’ आणि ‘आई आली’. बापाला आदराचे अनेकवचन, आईला एकवचन. कोंकणीत तर घरातील मुलीविषयी ‘तें आयलें’ असे नपुंसकलिंगी बोलतात आणि ते कानाला लाडाचे वाटते. यात माया आहे, ती आम्ही नाकारीत नाही. देवाला ‘तू’ म्हणण्यात असते तीच ती माया. परंतु माया घरात पुरते; संस्थेच्या घटनेत ती पुरत नाही. तेथे शब्दच पाहिले जातात.

आपली देवस्थाने, वाचनालये, शिक्षणसंस्था, ज्ञातिसभा यांच्या घटना आपल्या वाडवडिलांनी लिहिल्या. त्यांत ‘सभासद’ आहे, ‘महाजन’ आहे, ‘वारस’ आहे आणि पुढे ‘तो’ आहे. वर्गणी, देणगी, उत्सवाची सेवा यांच्या वेळी त्या ‘तो’मध्ये आपल्या घरच्या स्त्रिया विनातक्रार येतात. मतदानाच्या आणि पदाधिकाराच्या कलमांतही त्या येतात काय, हे प्रत्येक संस्थेच्या चालकांनी आपापल्या घटनेची प्रत काढून एकदा वाचावे. येत असतील तर तसे स्पष्ट लिहून ठेवावे, म्हणजे उद्या कोणी संदर्भाची खिडकी शोधावयास नको. येत नसतील तर पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्यावा. आम्ही ज्या वाचनालयाचे सभासद आहोत, त्याच्या घटनेची प्रत आम्ही चिटणिसांकडे मागितली आहे.